पुसदच्या टाक्यातली माती

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नाव देशभरच्या कृषी पुस्तिकांत पोचले ते विटांच्या एका टाक्यामुळे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींत ठिकठिकाणी छिद्रे सोडलेले हे टाके म्हणजे नाडेप. पुसदचे गांधीविचारी शेतकरी ना. दे. पांढरीपांडे यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून ही पद्धत बसवली. त्यांच्या नावाची आद्याक्षरे रोमन लिपीत गेली आणि तिथून मराठीत परतताना ‘ना-दे-प’चे ‘नाडेप’ झाले. लोक त्यांनाही नाडेपकाका म्हणू लागले. पुढे ही पद्धत सरकारी अनुदानाच्या यादीत आली, रोजगार हमीच्या कामांत आली, कृषी पदविकेच्या प्रश्नपत्रिकेतही आली. एवढे होऊनही तिच्याकडे आपण चुकीच्या नजरेने पाहिले, असे माझे म्हणणे आहे. आपण तिला खत बनवण्याची पद्धत मानले आणि त्या खतात नत्र किती, स्फुरद किती, एवढेच विचारत बसलो. खरे पाहता हे टाके माती बनवते. हे का म्हणायचे आणि त्याने काय फरक पडतो, हे समजायला टाक्यापाशी थांबून भागत नाही; या जिल्ह्याच्या कापसाच्या दीडशे वर्षांत मागे जावे लागते.

वऱ्हाडची काळी जमीन सुपीक, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यातला अर्धाच भाग खरा आहे, हे लक्षात येत नाही. काळ्या चिकणमातीची खरी श्रीमंती पाणी धरून ठेवण्यात आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून वरची माती खाली जात राहून जमीन स्वतःच स्वतःला उलथवते. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब यांच्या बाबतीत ही जमीन पहिल्यापासूनच बेताची. चुनखडी भरपूर, म्हणून स्फुरद आणि जस्तही पिकाला सहज मिळत नाही. जुन्या शेतकऱ्याला ही रसायने ठाऊक नव्हती, पण त्यांचा परिणाम ठाऊक होता. म्हणून गावालगतच्या गावखारी वावरांना उकिरड्याचे शेणखत मिळे, पडक्या गावठाणाची पांढरी माती बंड्या भरून शेतात नेली जाई, तळ्यानाल्यातला गाळ पसरला जाई आणि धनगराला धान्य देऊन रात्री मेंढ्या शेतात बसवल्या जात. या चारही रिवाजांचा एकत्रित परिणाम एकच होता. शेणामुताबरोबर माती, राख आणि काडीकचरा यांचे मिश्रण शेतात जात असे. निव्वळ खत असे काही नव्हतेच. लांबच्या वावरांना मात्र यातले फारसे मिळत नसे. ती विश्रांतीवर, तुरीच्या पालापाचोळ्यावर आणि पिकांच्या फेरपालटावर तगत.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि त्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली, जिला पुढे लोकांनी ‘शकुंतला’ म्हटले. ती गाडी मुख्यतः कापसासाठीच होती. इथे एक शास्त्रीय बारकावा ध्यानात घ्यायला हवा. कापसाने जमीन झिजवली, असे सरसकट म्हटले जाते, पण रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ती हवा आणि पाणी यांतून घडलेली असते. गाठी बांधून रुई लँकेशायरला गेली तरी तिच्यासोबत जमिनीचे अन्न फारसे गेले नाही. ते अन्न होते सरकीत. घरच्या रेच्यावर रुई आणि सरकी वेगळी केली जायची तेव्हा सरकी बैलांच्या दावणीत पडे आणि शेणावाटे वावरात परते. जिनिंग कारखाने आले, कापूस सरकीसकट बाजारात जाऊ लागला, सरकीचे तेल आणि ढेप हा वेगळा व्यापार झाला, तेव्हा हा फेरा तुटला. जमिनीचे नुकसान पिकामुळे झाले त्याहून अधिक ते पिकाचा उरलेला भाग परत न आल्यामुळे झाले.

दुसरा फेरा चुलीपाशी तुटला. जॉन ऑगस्टस व्होएल्कर हा इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ १८८९ मध्ये भारतात आला. शेण जाळणारा हिंदी शेतकरी अडाणी आहे, ही साहेबी समजूत तेव्हा सर्रास होती. हिंडून पाहिल्यावर त्याने १८९३ मध्ये छापलेल्या अहवालात उलट निष्कर्ष मांडला: शेतकऱ्याला शेणाचे मोल कळते, पण जळणाला लाकूड नसल्यामुळे तो गोवऱ्या थापतो, सरकारला शेणखत वाढावे असे वाटत असेल तर गावाला जळण आणि वैरण यांसाठी राने राखावीत. हे निदान यवतमाळला नेमके लागू पडते. जंगले राखीव झाली, सरपणावर निर्बंध आले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, आणि तुराट्या चुलीत जाऊ लागल्या, शेणाच्या गोवऱ्या झाल्या आणि वावराला राखही पुरेशी मिळेना. शेताचा कस हा चुलीचाही प्रश्न आहे, हे एका रसायनतज्ज्ञाने सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितले होते. पुढे तेच वारंवार विसरले गेले.

कापसाच्या मुलखातूनच याला पहिले संघटित उत्तर मिळाले. भारतीय केंद्रीय कापूस समितीच्या पैशावर १९२४ मध्ये इंदूरला वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. तिथे १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काम केले आणि सहकारी यशवंत वाड यांच्यासह शेतीतल्या टाकाऊ मालावर पुस्तक लिहिले. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून जगभर झाले. शीर्षकपानावरचे वाड यांचे नाव आपणही फारसे घेत नाही. या दोघांपुढचा मोठा प्रश्न पऱ्हाटीचाच होता. ती टणक, काष्ठमय, लवकर न कुजणारी. उपाय त्यांनी अगदी देशी शोधला: पऱ्हाटी शेतरस्त्यावर अंथरायची, बंड्यांच्या चाकांनी आणि बैलांच्या खुरांनी तिचा चुरा होऊ द्यायचा, मग ती गोठ्यात अंथरायची. गोठ्यातली मूत मुरलेली माती, शेण, राख आणि हा चुरा उथळ खड्ड्यांत थर देऊन भरायचा, तीनदा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होई. गांधीजींच्या ‘हरिजन’ने १९३५ मध्ये या पद्धतीची माहिती छापली आणि शेजारच्या वर्ध्यात ग्रामोद्योगाच्या चळवळीत कंपोस्ट हा शब्द रुळला. पण इंदूर पद्धतीला दोन गोष्टी भरपूर लागत: गोठ्यात बांधलेली बैलांची रांग आणि ढीग उलथायला माणसे. संस्थेच्या शेतावर दोन्ही होते. एका बैलजोडीवर कोरडवाहू शेती करणाऱ्याकडे यातले काहीच पुरेसे नव्हते.

त्यानंतरचा काळ पुसद तालुक्याच्या दोन माणसांतून पाहता येतो. गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारी, संकरित कापूस आणि त्यांच्याबरोबर रासायनिक खत गावोगाव नेण्याचे काम त्यांच्या काळात झाले. अन्नधान्याच्या टंचाईचा आणि १९७२ च्या दुष्काळाचा तो काळ होता. त्या निर्णयांना आज सोयीस्करपणे चूक ठरवणे मला प्रामाणिक वाटत नाही. भुकेल्या राज्याला धान्य हवे होते आणि नत्राची उणीव असलेल्या जमिनीत नत्र टाकल्यावर पीक वाढले, हे खरेच होते. त्याच पुसदमध्ये पांढरीपांडे वेगळ्या प्रश्नाला भिडले होते. हे दोन मार्ग एकमेकांचे शत्रू होते असे चित्र रंगवले जाते, ते मला पटत नाही. पहिल्या मार्गाने या हंगामाच्या पिकाला अन्न दिले, दुसऱ्याने पुढच्या हंगामांच्या जमिनीची चिंता केली. पहिल्यामागे कारखाने, सहकारी सोसायट्या आणि कर्जपुरवठा उभे राहिले, दुसऱ्यामागे मात्र तसे कोणी उभे राहिले नाही. जिल्ह्याच्या मातीचे दुखणे या असमतोलात आहे.

आता टाके पाहू. विटा मातीच्या गाऱ्यात रचायच्या, वरचे थर तेवढे सिमेंटमध्ये. मधल्या काही थरांत विटा सोडून छिद्रे ठेवायची, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळते आणि ढीग उलथावा लागत नाही. आतून शेणकाल्याचा हात फिरवायचा. मग एका दिवसात, फार तर दोन दिवसांत टाके भरायचे: तळाला सहा इंच काडीकचरा, म्हणजे सुमारे शंभर किलो, त्यावर सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात चार-पाच किलो शेण कालवून शिंपडायचे, त्यावर चाळलेली कोरडी माती पन्नास-साठ किलो. असे अकरा-बारा थर झाले की टाक्याच्या वर दीड फूट झोपडीसारखा उतार काढायचा आणि मातीने झाकून शेणामातीने लिंपायचे. पंधरा-वीस दिवसांत सगळे खाली बसते. मग तशाच थरांनी दुसरी भरणी. पुढे तीन-चार महिने ओल सांभाळायची, भेगा लिंपत राहायच्या. एकूण हिशेब असा: १,४०० किलोच्या आसपास काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १,७५० किलो माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी. त्यातून सुमारे तीन टन माल निघतो. चाळल्यावर उरलेला अर्धवट कुजलेला भाग पुढच्या भरणीत जातो.

या आकड्यांतली सर्वांत बोलकी संख्या शेणाची आहे. दीड टन काडीकचऱ्याला जेमतेम एक क्विंटल शेण, म्हणजे इथे शेण खताचा मुख्य माल उरलेलेच नाही. ते विरजण झाले आहे. दुसरी बोलकी संख्या मातीची. वजनाने निम्म्याहून अधिक भाग मातीच आहे. ही माती काय करते? ती ओल धरते, कुजवणारे जीवजंतू सोबत आणते, ढिगातून निसटू पाहणारा अमोनिया आपल्या चिकणकणांवर अडवते आणि कुजून तयार होणारा ह्यूमस तिच्या कणांना चिकटून टिकतो. उघड्या उकिरड्यावर जे ऊन हवेत घालवते आणि पाऊस नाल्यात नेतो, ते टाक्यात मातीच्या स्वाधीन होते. हेच तत्त्व जगात इतरत्रही वेगवेगळ्या माणसांना सापडले आहे. इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेने १९३० च्या दशकात कुंड्यांसाठी ठरवलेल्या मिश्रणात सात भाग माती, तीन भाग पीट आणि दोन भाग वाळू होती. त्यातली मातीही गवताची ढेकळे आणि काडीमिश्रित शेणखत थरावर थर रचून महिनोन्महिने मुरवलेली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून कुंडीत आणि गच्चीवर जी माती घडवायला शिकवले, तिचाही पाया कुजलेला जैवभार आणि खनिज माती यांच्या मिलाफावर आहे. परदेशात, जिथे कायद्याने मुभा आहे, तिथे गांजाची रोपे मोठ्या कुंड्यांत वाढवणारेही आता महागड्या बाटल्यांतले पोषणद्रव सोडून ‘जिवंत माती’ कालवू लागले आहेत: कंपोस्ट, हवा खेळवणारा भरड माल, पेंड, खनिज भुकटी, आणि लागवडीआधी काही आठवडे मुरवणे. पुसदचे टाके या सगळ्यांच्या रांगेत बसते. फरक इतकाच की ते कुंडीसाठी नव्हते; कोरडवाहू वावरासाठी होते, आणि त्यात भरायचा कुठलाही घटक विकत आणावा लागत नव्हता.

यावर सर्वांत कठोर आक्षेप असा की निम्मी माती घालायची आणि तीन टन खत निघाले म्हणायचे, ही निव्वळ फुगवलेली बेरीज आहे. आक्षेपात तथ्य आहे आणि ते टाळून चालणार नाही. पुस्तिकांत नाडेप खतात नत्र अर्धा ते दीड टक्का असल्याचे छापलेले असते. पण टाक्यात गेलेल्या मालाची बेरीज करा. काडीकचऱ्यात नत्र एक टक्का धरले तर चौदा किलो, शंभर किलो ताज्या शेणातून जेमतेम अर्धा किलो, मातीतून साधारण एक किलो. हवेतून थोडेफार बांधले गेले तरी तीन टनांत पंधरा-सोळा किलोंहून फार जास्त नत्र येणार कुठून? हे अर्ध्या टक्क्याच्या आसपास झाले. युरियाच्या ४५ किलोंच्या एका पोत्यात वीस किलोंहून अधिक नत्र असते. म्हणजे चार महिन्यांच्या राबणुकीनंतर टाके एका पोत्याचीही बरोबरी करत नाही. नाडेपच्या समर्थकांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवे होते. दीड टक्क्याच्या दाव्याने त्यांनी स्वतःची बाजू दुबळी केली. कारण खरे बळ नत्रात नाहीच. १,४०० किलो वाळलेल्या काडीकचऱ्यात सहाशे किलोंच्या आसपास कर्ब असतो; त्यातला मोठा भाग कुजताना हवेत गेला तरी उरलेला मातीत बांधून जातो. युरियाच्या पोत्यातून जमिनीला असा टिकणारा सेंद्रिय कर्ब मिळत नाही. जी जमीन पावसाच्या दोन सरींमधल्या वीस दिवसांवर पीक तगवते, तिला ओल धरणारा आणि रवाळ पोत देणारा हा कर्ब नत्राइतकाच मोलाचा आहे. टाक्याचा माल नत्राच्या तराजूत टाकला तर हलका भरतो; माती म्हणून तोलला तरच त्याचे वजन कळते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: एवढे चांगले होते तर अनुदानातून बांधलेली कितीतरी टाकी रिकामी का पडली? उत्तर त्याच आकडेमोडीत आहे. एका गाईच्या वर्षभराच्या शेणातून ऐंशी-शंभर टन खत होईल, असे अभिमानाने सांगितले जाई. दिवसाला दहा किलो शेण धरले तर ३,६५० किलो होते, त्यातून छत्तीस टाकी भरतील आणि शंभरावर टन माल निघेल. हिशेब चुकीचा नाही. पण त्या छत्तीस टाक्यांना पन्नास टन काडीकचरा लागेल. एकरी साधारण टनभर पऱ्हाटी धरली तर ही पन्नास एकरांची बेगमी झाली. शिवाय साठ टनांवर माती खणायची, चाळायची, भरायची आणि पन्नास हजार लिटरांवर पाणी, तेही अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, विहिरी तळाला जाताना. म्हणजे शेणाची टंचाई या पद्धतीने सोडवली, पण अडचण आता काडीकचरा, पाणी आणि मजुरी यांच्याकडे सरकली. सरकारने पैसे दिले ते विटांना. पऱ्हाटीचा चुरा करणाऱ्या यंत्राला, भरणीच्या दोन दिवसांच्या मजुरीला, पाण्याच्या सोयीला तेवढेच महत्त्व मिळाले असते तर चित्र वेगळे दिसले असते. रिकामे टाके पद्धतीच्या चुकीपेक्षा, विटांना पद्धत समजण्याच्या चुकीची साक्ष देते.

तिसरा आक्षेप आजच्या नैसर्गिक शेतीतून येतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांच्या जीवामृताला टाके लागत नाही: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती, एवढ्यावर काम भागते. खुद्द यवतमाळजवळ १९९४ पासून रसायनांविना शेती करणारे सुभाष शर्मा, ज्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ते झाडे, पाखरे, जनावरे आणि पाणी मुरवणारी शेताची आखणी यांवर भर देतात. मग बारा थरांची ही यातायात कशाला? मला यात विरोध दिसत नाही. जीवामृत हे विरजण आहे; विरजणाला दूध लागते, आणि जमिनीच्या बाबतीत ते दूध म्हणजे सेंद्रिय पदार्थ. जिथे झाडांचा पाला आणि आच्छादन मुबलक आहे, तिथे शेतच टाके बनते. जिथे वावर उघडे-बोडके आहे, तिथे कुजलेला कर्ब कुठून तरी आणावा लागतो. आणि मातीने सगळे दुःख मिटेल असेही कोणी म्हणू नये. कापसाचे भाव, कर्ज, सिंचनाचा अभाव, २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने गेलेले शेतकरी-शेतमजूर, यांची उत्तरे टाक्यात नाहीत. कसदार माती कमी पावसाच्या वर्षी हात देते. बाजारात भाव पडला तर ती काही करू शकत नाही.

तरीही या टाक्याची वेळ आज आली आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण व्होएल्करच्या चुलीत आहे. त्याच्या काळी गोठे भरलेले होते, पण शेण आणि काडी दोन्ही चुलीत जात. आता खेड्यातल्या स्वयंपाकघरात गॅस आला आहे. पऱ्हाटीची चुलीतली गरज घटली आहे. दुसरीकडे ट्रॅक्टर आल्याने गोठे रिते झाले; शेण दुर्मिळ झाले. गुलाबी बोंडअळी रोखायची तर उलंगवाडीनंतर, म्हणजे कापूस वेचून संपल्यावर, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नये, हा सल्ला रास्त आहे, पण तो अमलात येतो तो बहुधा आगकाडी ओढून. मार्च-एप्रिलमध्ये धुऱ्यांवर पेटलेले ते ढीग म्हणजे जिल्ह्याचा कर्ब धुरावाटे जात असतो. काडी भरपूर आणि शेण थोडे, ही आजची नेमकी स्थिती आहे, आणि शंभर किलो शेणात दीड टन काडी मुरवण्याचे प्रमाण पुसदमध्ये बसवून ठेवलेले आहे. उरते ते काडीचा चुरा, माती, पाणी आणि दोन दिवसांची माणसे एका ठिकाणी आणणे; ते एकट्या शेतकऱ्याने कसे करावे हा प्रश्न गावाने, ग्रामपंचायतीने आणि सरकारने आपला मानायला हवा. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. सरकी बाहेर गेली, शेण चुलीत गेले, आता पऱ्हाटी आगीत चालली आहे. या तिन्हींपैकी निदान शेवटची वावरात परतवता येते, आणि ती कशी परतवायची हे या जिल्ह्याला कोणाकडून शिकायचे नाही.